गच्चीवरचं गरम पाणी

१४ मे १९८७, गुरुवार. सकाळी साडेसहाला गच्चीवर काचा पुसायला गेले. हे काम माझ्याकडे होतं. मरोळच्या कारखान्यांची काजळी रात्रभर काचांवर बसायची आणि काच काळी झाली की पाणी तापायचं नाही. एक ओलं फडकं, एक कोरडं, वीस मिनिटांचं काम.

सोसायटीत सौर बंब बसून तेव्हा वर्ष झालं होतं. सरकारी सवलत होती, पण तिच्यासाठी ऑफिसात खेटे घालावे लागत. ते मी घातले. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे, फॉर्म आणि शिक्के यांची मला भीती नव्हती. चेअरमन म्हणाले होते, "वहिनी, मरोळला सूर्य उगवतो का ते आधी बघा. मला तर धूरच दिसतो." बंब चालू झाल्यावर सगळ्यांच्या आधी बादली घेऊन तेच वर यायचे. बायका मला सूर्यनारायणाची पुजारीण म्हणायच्या. मला ते आवडायचं.

त्या मे महिन्यात पाण्याची वाट लागली होती. नळाला पहाटे अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढी धार. एक दिवसाआड टँकर यायचा. तो कुठल्या विहिरीवर भरतात हे कोणी विचारत नव्हतं. टँकरचं पाणी खालच्या टाकीत, तिथून पंपाने वरच्या टाकीत आणि तिथून बंबात जायचं. रॉकेलचीही ओढाताण होती. रेशनच्या दुकानासमोर रिकामे डबे दिवसभर रांगेत उभे असायचे.

आमच्या समोरच्या खोलीत एक तरुण जोडपं राहायचं. जालन्याकडचे, बौद्ध. नवरा एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. मुलगी चार महिन्यांची. आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून बाटली लावलेली. पावडर कालवायला ती दिवसातून चार वेळा स्टोव्ह पेटवून पाणी उकळायची. त्या सकाळी काचा पुसून मी खाली आले, तर ती दारात बसून स्टोव्ह कानाशी हलवून बघत होती.

"संपलं गं?"

"संपलं, ताई. दुकानदार म्हणतो, सोमवारी बघू."

"मग गच्चीवरचं घे की. हात लावून बघ, भाजतो. उन्हाने उकळलेलंच असतं ते."

"बाळाला चालेल?"

"न चालायला काय झालं? फुकटचं गरम पाणी असताना रॉकेल कशाला जाळतेस?"

तिने मान हलवली. माझ्या शब्दाला सोसायटीत वजन होतं.

बंब बसवणारा फिटर जाताना मला बजावून गेला होता, "बाई, हे आंघोळीचं पाणी. पोटात घ्यायचं ते वेगळं उकळा." मी ते विसरले होते असं म्हणणार नाही. चांगलं आठवत होतं. हे लोक स्वतःच्या अंगावर काही येऊ नये म्हणून असं बोलतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिवाय मी त्या पाण्याला हात लावला होता तो आधीच्या एका रविवारी दुपारी, बंब भरलेला असताना. समोरची वर जायची ती सगळ्यांच्या बादल्या भरून झाल्यावर. ती नवी होती. बाकीच्या बायका कोकणातल्या, आपसात मालवणीत बोलणाऱ्या. ही कडेला उभी राहायची आणि शेवटी कळशी लावायची. वरचं गरम पाणी काढलं की तळातून टँकरचं थंड पाणी आत शिरतं. शेवटच्या कळशीला ते नुसतं कोमट असणार. हे मला बसल्या जागी कळायला हवं होतं. मी ते कधी जाऊन बघितलं नाही.

रविवारी मुलीला जुलाब सुरू झाले. नाक्यावरच्या डॉक्टरने साखर-मिठाचं पाणी थोडं थोडं द्यायला सांगितलं. आई रडत होती, म्हणून ते मी केलं. साखर, मीठ, चमचा, सगळं मोजून. पाणी गच्चीवरचं.

सोमवारी सकाळी मुलीचे डोळे आत गेले होते आणि टाळू खोल दिसत होती. रिक्षाने हॉस्पिटलात नेली. वॉर्डात त्या महिन्यात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. डॉक्टर तरुण होती, थकलेली. तिने आईला विचारलं, "पाणी उकळून देत होता ना?"

"हो. गरमच द्यायचे."

डॉक्टरने लिहून घेतलं. मी शेजारी बाळाच्या आईची पिशवी धरून उभी होते. मी काही बोलले नाही.

गुरुवारी दुपारी मुलगी गेली.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंग झाली. "टँकरवाल्याची कॉलर धरायला पाहिजे," चेअरमन म्हणाले. सगळ्यांना पटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तक्रारीचा अर्ज तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिला. टँकरच्या दूषित पाण्यामुळे चार महिन्यांची मुलगी दगावली, असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग सह्यांसाठी दारोदार फिरले. समोरचं दार शेवटी घेतलं.

तिची सासू गावाहून आली होती. आतून तिचा आवाज येत होता, "हिला बाटलीसुद्धा धुता येत नाही. घाण बाटली तोंडात दिली लेकराच्या."

समोरचीने अर्ज घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, पण आपण तर गरमच पाणी दिलं ना? म्हणजे माझीच बाटली नीट धुतली गेली नसेल."

मी आत गेले. सासूलाही ऐकू जाईल असं बोलले, "बाटली स्वच्छ होती, मी रोज बघत होते. पाणी गरम होतं, उकळलेलं नव्हतं. ते चालत नाही. तेच दे म्हणून मी हिला सांगितलं. शेवटचं साखर-मिठाचं पाणीसुद्धा मी त्यातच केलं."

समोरची माझ्याकडे वळली.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"होते."

"मग?"

तिने अर्जाची घडी घातली आणि तो माझ्या हातात परत दिला. सही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सहालाच उठले. गच्चीवरचं पाणी मुलांना द्या म्हणून मी आणखी दोन घरांत सांगितलं होतं. आधी तिथे गेले. तळमजल्यावरची म्हणाली, "अगो बाय, आमी तर कालपण तेच दिलं!" तिचा मुलगा ठीक होता. तिच्याकडेही रॉकेल नव्हतं. माझ्या स्टोव्हमधलं अर्धं तिच्या बाटलीत ओतलं आणि खळखळ उकळायला लागल्यावर घड्याळात दहा मिनिटं मोज म्हणून सांगितलं. मग चेअरमनला उठवून फिटरने काय बजावलं होतं ते सांगितलं आणि ते पाणी द्यायला मीच सांगितलं हे माझ्या नावानिशी घालून अर्ज पुन्हा लिहिला. घरात ग्रिलला लावायचा तांबडा रंग उरला होता. तो घेऊन वर गेले आणि नळाच्या वरच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं, "हे पाणी पिऊ नये." काचा तीन दिवस पुसल्या नव्हत्या. ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागले.