सारवलेलं कोर्ट

खडकीजवळच्या एका जुन्या टेनिस क्लबात सर्जेराव सातव एकतीस वर्षं मार्कर होते. ज्याला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायचं, नवख्यांना शिकवायचं आणि कोर्ट राखायचं, हे मार्करचं काम. कोर्ट मातीचं. वाघोलीच्या शेतकरी घरातल्या या माणसाने ते तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पण खेळणारे उरले होते चार म्हातारे, आणि चौघांत मिळून धड गुडघे तीन.

सेक्रेटरी श्रीधर आपटे एक दिवस म्हणाले, "नव्या बॅचला वीस जण टिकले तर तुमची माती राहील, सर्जेराव. नाहीतर निळं सिंथेटिक. त्याला ना पाणी मारावं लागत, ना माणूस."

बॅचला तेवीस नावं आली. आयटीतली तरुण मंडळी. कुणाला वजन उतरवायचं होतं, कुणाला काहीतरी छंद हवा होता. सर्जेराव हरखले. घरी विजयमालाबाईंना म्हणाले, "तेवीस हायेत! माती वाचली बघ."

पाहुणे यायचे म्हणजे अंगण सारवायचं, हे त्यांच्या घरचं वळण. कोर्टही ते वर्षातून दोनदा शेणाने सारवत. धूळ बसते, चेंडू सरळ उसळतो. मात्र सारवण वाळायला चार उन्हं लागतात. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण नावांची यादी हातात पडली शुक्रवारी आणि पोरं यायची रविवारी. आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते. शनिवारी सकाळी गावाकडून ताजं शेण आणून त्यांनी अख्खं कोर्ट सारवलं. दिवसभर आभाळ भरून राहिलं आणि ऊन काही पडलं नाही.

रविवारी सातला पोरं आली. पांढरेशुभ्र बूट, मनगटांना पट्टे, कोऱ्या करकरीत रॅकेटी. फाटकातच सगळी थबकली.

"हे शेण आहे? सीरियसली?" आमोद नावाच्या पोराने नाक दाबलं.

"ताजं हाय," सर्जेराव कौतुकाने म्हणाले. "तुमच्यासाठीच सारवलंय."

स्पृहा नावाची एक मुलगी त्यांचं मन राखायला आत गेली. तिसऱ्या पावलाला घसरली आणि कमरेपर्यंत माखली. "इट्स ओके, काका," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीतरी तोवर व्हिडिओ काढला होता. दुपारपर्यंत सोळा नावं गळली.

सर्जेराव आपट्यांकडे धावले. "साहेब, वाळंल ते. फोन करा त्यास्नी. मी पाया पडतो एकेकाच्या."

"लोक टेनिसला आले होते, सर्जेराव. वास्तुशांतीला नव्हे."

महिन्याभरात माती उकरून ट्रॅक्टरमध्ये भरली गेली. सर्जेराव बघत उभे राहिले. राग काढायला समोर कुणी नव्हतं. पोरांचा काय दोष? आपल्याच हातांनी आपण घर बुडवलं, असं ते घरी येऊन म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

निळ्या कोर्टावर नवी बॅच निघाली. गळालेली पोरंही परतली. चार रविवार गजबज झाली. मग कुणाला ट्रेक आला, कुणाचा दंड भरून आला, कुणाला दुसरा छंद लागला. दिवाळीपर्यंत कोर्टावर पाला साचू लागला. क्लबाने उपकारापोटी सर्जेरावांना फाटकावर खुर्ची दिली होती. तिथे बसून ते रोज तोच हिशोब करत: सारवायची घाई केली नसती, तर पोरं टिकली असती.

एका सकाळी स्पृहा आली. सर्जेराव खुर्चीतून ताडकन उठले.

"या ताई! मी टाकतो चेंडू, तुम्ही नुसतं मारा."

"नाही हो काका, सोडलं मी. बॅग राहिली होती, ती न्यायला आले." जाता जाता ती घुटमळली. "तुम्ही अजून त्या दिवसाचं मनाला लावून घेता ना? नका घेऊ. कोर्ट कसलंही असतं तरी आम्ही सोडलंच असतं. आमचं सगळं असंच असतं."

ती समजूत घालायलाच बोलली होती. सर्जेराव "बरं" म्हणाले आणि तिला फाटक उघडून दिलं. मग खाली बसले. आजवर त्यांच्यापाशी निदान आपली चूक तरी होती; ती केली नसती तर, एवढ्यावर दिवस ढकलता येत होते. एकतीस वर्षांची माती कशानेच वाचणार नव्हती, हे त्यांना आज कळलं, आणि आता उद्या इथे येऊन बसायचं कशाला, हे काही केल्या सुचेना.