कंपनी वाढली की पेढे

आमच्या शेजारचे काका सेनगावात एकटे राहतात. त्यांचा मुलगा परदेशातल्या एका मोठ्या कंपनीत आहे. ती कंपनी इमारती बांधते, त्यांतली घरं भाड्याने देते आणि त्यांची देखभालही करते. आधी तिचा कारभार एकाच देशात होता, आता तो बऱ्याच देशांत पसरला आहे. काका तिला ‘आपली कंपनी’ म्हणतात.

“आपल्या कंपनीत नळ गळला की बराबर तासाभरात माणूस येतो,” असं ते चहाच्या हॉटेलात हमखास सांगतात.

“मग काका, सेनगावात काहून बांधून न्हाई राहिली तुमची कंपनी?” एकाने चिडवलं.

“इथं घरं कमी हायेत व्हय? माणसं आणा म्हणावं,” काका म्हणाले.

नवी इमारत सुरू झाली की काका गल्लीत पेढे वाटतात. परवा त्यांचा मुलगा गावी यायचा होता. दुपारी काका इस्त्रीच्या शर्टात, पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडेच आले.

“घ्या. आपल्या कंपनीची आणखी एक इमारत उघडली.”

“आणि मुलगा?” मी विचारलं.

“भाडेकरूंनी ती भरेस्तोवर त्याला हलता येत न्हाई.”

पेढे दर वेळी कोणासाठी आणलेले असतात, ते तेव्हा कळलं.

“काका, आज इथंच जेवा,” माझी बायको म्हणाली.

“नको सूनबाई. दोघांचा स्वयंपाक करून ठेवला हाय.”

ते वळले. मी चप्पल घातली आणि विचारलं, “मी येऊ का?”

“या की,” काका म्हणाले. “ताटं मांडलेलीच हायेत.”