मिनाकोचं सावडणं

माझा चुलत भाऊ धैर्यशील जपानात यंत्रांच्या कारखान्यात कामाला होता. आठ वर्षांपूर्वी तो शेती बघायला परत आला आणि येताना बायको घेऊन आला. पलूसच्या पुढं, कृष्णेच्या काठावर आमचं गाव. लोक विरजण मागायच्या निमित्तानं येऊन तिला बघून गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडं सहज वर्ष गेलं. मग मिनाको ही इतर सुनांसारखीच एक सून झाली.

म्हणजे अगदी इतरांसारखी नाही. ती आंघोळ संध्याकाळी करायची. दिवसभराचा मळ घेऊन अंथरुणात शिरायचं कसं, असं तिचं म्हणणं. अंजनाकाकूला, म्हणजे तिच्या सासूला, पारोशी बाई सकाळी चुलीपाशी चालायची नाही. शेवटी मिनाको दोन वेळा न्हाऊ लागली. एकदा तिनं आपल्याच रानातलं सोयाबीन शिजवून, मीठ घालून बरणीत मुरत ठेवलं. काकूनं वास घेतला, नासलं समजली आणि म्हशीपुढं ओतलं. म्हशीनंही तोंड फिरवलं. मिनाकोनं पुन्हा सोयाबीन भिजत घातलं. त्या बरणीला काकूनं स्वतःच्या हातानं फडकं बांधून दिलं. दोघींची भाषा एक नव्हती, त्यामुळं भांडण फार लांबायचं नाही. संसाराला हा उपाय बरा, असं मी बायकोला एकदा म्हणालो होतो. त्यावर तिनं चहा दिला नाही.

यंदा माघात मिनाको कपडे वाळत घालताना पडली. सांगलीला नेलं, पण डोक्यातली शीर फुटली होती. संध्याकाळी तिला गावच्या घाटावर अग्नी दिला.

धैर्यशील रडला नाही. चहा हातात दिला की प्यायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. कुणी काही विचारलं की ‘व्हय’ म्हणायचा, प्रश्न पुरता ऐकायच्या आत. लोकांना वाटलं, गडी खंबीर आहे. मी त्याच्याजवळ बसून होतो आणि मला त्याची भीती वाटत होती.

त्यानं जपानला सासूबाईंना फोन केला होता. त्यांचं नाव केइको, एकट्याच राहायच्या. त्या म्हणाल्या, मी येते, मी येईपर्यंत हाडं ठेव. त्यांच्याकडं दहनानंतर घरची माणसं दोघं-दोघं उभी राहतात आणि एकेक हाड मिळून काड्यांनी उचलतात. आधी पायाची, शेवटी डोक्याची. भांड्यात माणूस उलटं राहू नये म्हणून. धैर्यशीलनं ‘ठेवतो’ म्हणून सांगितलं, फोन खाली ठेवला आणि आमच्यापैकी कुणालाच काही बोलला नाही. हे त्याच्या डोक्यातच राहिलं नाही, की तोंडापर्यंत आलं नाही, ते त्यालाही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. थोरले चुलते नानासो यांनी सगळं मायेनं केलं. राखेवर दूध शिंपडलं, तिला आवडायचा म्हणून इंद्रायणीचा चिकट भात ठेवला. मग त्यांनी विचारलं, “धैर्या, रक्षा समदी नदीत सोडायची नव्हं? का काय मागं ठेवायचं?”

“व्हय,” तो म्हणाला. “सोडा.”

आम्ही घमेली भरभरून पाण्यात सोडली. जागा धुऊन, झाडून लख्ख केली. राखेचा कण ठेवला नाही. चांगलं काम झाल्यासारखं वाटलं सगळ्यांना.

चौथ्या दिवशी दुपारी पुण्याहून भाड्याची गाडी आली. केइकोबाई उतरल्या, उंबऱ्यापाशी चपला काढून नीट जुळवून ठेवल्या. काकूपुढं कमरेत वाकल्या. मग पिशवीतून पांढरं भांडं आणि लांब काड्यांच्या दोन जोड्या काढून सोप्यात मांडल्या. एक जोडी त्यांनी धैर्यशीलपुढं धरली.

त्यानं काड्या घेतल्या नाहीत. मग त्यांच्या भाषेत चार शब्द बोलला. बाईंचा हात तसाच पुढं राहिला. नानासो मला म्हणाले, “काय झालं रं?” मी धैर्यशीलला विचारून त्यांना सांगितलं, तेव्हा म्हातारा मटकन खाली बसला. “आरं, एक शबूद तरी बोलायचा हुतास,” एवढंच म्हणाला.

बाईंनी नदी दाखवा म्हणून खूण केली. आम्ही सगळे घाटावर गेलो, काकूही आली. बाईंनी भांडं पोटाशी धरलं होतं. पाण्याकडं बघत त्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

“काय म्हणती?” काकू म्हणाली.

“इचारती,” धैर्यशील सपाट आवाजात म्हणाला, “मिनाको उलटी तर गेली न्हाई न्हवं. पाय आदी गेलं का डोकं.”

घमेल्यात राख होती. त्यात कोण बघतो पाय आणि डोकं?

“सांग तिला,” काकू म्हणाली, “पाय आदी गेलं. मी हुते हितं. माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

सावडायच्या दिवशी काकू घरात पडून होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. धैर्यशीललाही. त्यानं आईकडं पाहिलं, मग सासूबाईंना ते त्यांच्या भाषेत सांगायला लागला. निम्म्यात त्याचा आवाज गेला. त्यानं पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी पुरतं सांगितलं.

केइकोबाईंनी मान हलवली, काकूच्या हातावर हात ठेवला. धैर्यशील पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही.