झाडू हातात घेतलेल्या मॅडम

आमच्या बास्केटबॉल संघाला नवे प्रशिक्षक हवे होते. कॉलेजनं प्रत्येक उमेदवाराला एकेका सकाळी आमचा सराव घ्यायला सांगितलं. तिसऱ्या सकाळी आलेल्या मॅडमनी शिट्टी वाजवण्याआधी कोर्टावरची वाळू झाडायला घेतली.

"मॅडम, शिपाईमामा आहेत की!" आमची कॅप्टन हसली.

"घसरणारे पाय तुमचे आहेत, बाळा."

मी बघतच राहिले. माझी आई शाळेत झाडलोट करते, हे मी संघात कुणालाच सांगितलं नव्हतं. निवड कुणाची होईल, ठाऊक नाही; पण या कामातला रुबाब मला घरी कधीच कसा दिसला नाही?

मी दुसरा झाडू उचलला.

"हात छान बसलाय गं तुझा," मॅडम म्हणाल्या.

"आईकडून शिकले. ती शाळेत हेच काम करते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.