सॉस ढवळायची ड्यूटी

ग्रुपवाल्यांनो, आज घरचा सॉस मस्त झाला, पण शाबासकी मले देऊ नका.

दुपारी दोन किलो टमाटर उकडले, मिक्सरमधून काढले, गाळले आणि रस आटवायला गॅसवर ठेवला. तेव्हा कळलं, घरात व्हिनेगरच नाही! बाबा प्लांटमधून रिटायर झालेले, गुडघे दुखतात त्यांचे. तरी पळी त्यांच्याच हातात दिली. "ढवळत राहा, पाच मिनिटांत येते."

नेहरू नगरच्या दुकानात शाळेतली मैत्रीण भेटली. गप्पांमध्ये पाऊण तास गेला.

धावत घरी आली. रस छान घट्ट झालेला, तळाला जरासाही लागला नव्हता, आणि बाबा तसेच उभे.

"बाबा, गॅस बंद करून बसायचं ना!"

"रिलीव्हर आल्याशिवाय जागा कशी सोडू? प्लांटमधी कधी सोडली नाही."

लहानपणी पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आला नाही की बाबांना डबल ड्यूटी लागायची. मी ताटावर रुसून बसायची. प्लांटवाल्यांच्या पोरांनो, तुम्ही पण रुसायचे ना? मले त्या न आलेल्या माणसाचा भयंकर राग यायचा.

आज तो माणूस मीच निघाली.