नमुनावहीतला निळा

आई गेल्यावर मी आणि बाबा मुलुंडच्या दोन खोल्यांत एकमेकांना टाळत राहत होतो. मी स्वयंपाकघरात गेले की ते बाहेर येत. ते टीव्ही लावत तेव्हा मी आतल्या खोलीचं दार ओढून घेत असे. बोलणं झालंच तर गॅस, दूध आणि औषधं यांपुरतं.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. कुठल्या कापडाला कुठला रंग किती लावायचा हे ते ठरवत. गिरणी बंद पडली तेव्हा तिथून त्यांनी एकच वस्तू घरी आणली. जाड पुठ्ठ्याची नमुनावही. पानापानावर बोटभर रुंदीचे कापडाचे तुकडे चिकटवलेले आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात रंगांची मापं. ती कपाटात कुलपात असे. लहानपणी मी एकदा ओल्या हाताने ती उघडली होती, त्याचा मार मला अजून आठवतो.

मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते. वहीतल्या तुकड्यांच्या कडा सुटायला लागल्या होत्या आणि मला तिचे नीट फोटो करून ठेवायचे होते. विचारायचा धीर व्हायला बरेच महिने गेले.

"काढ," ते म्हणाले. "पण वही घराबाहेर जाणार नाय. आणि ते तुझे दिवे नि छत्र्या घेऊन हय सर्कस नको."

म्हणजे स्टुडिओतले दिवे नाहीत, उजेड पसरवायच्या छत्र्या नाहीत; खिशात मावेल असा कॅमेरा आणि खिडकीतला उजेड. आधी मी माझ्याकडच्या साध्या छोट्या कॅमेऱ्याने दोन पानं काढली. बारीक चौकडीच्या कापडावर जांभळे-हिरवे पट्टे उमटले. असे पट्टे मूळ कापडात नव्हतेच.

"ह्या मी रंगवलंय?" बाबांनी विचारलं आणि वही मिटली.

कामामुळे हे पट्टे माझ्या ओळखीचे होते. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. वीण बारीक असली की तो अंदाज फसतो. मला अंदाज न करणारा कॅमेरा हवा होता. तसे दोन सापडले, दोन्ही जुने, अंधेरीच्या एका दुकानात. एकाच्या सेन्सरवर रंगीत काचाच नव्हत्या, म्हणून तो फक्त काळंपांढरं टिपायचा. दुसऱ्याच्या सेन्सरचे एकाखाली एक तीन थर होते आणि प्रत्येक ठिपक्यावर तिन्ही रंग टिपले जायचे.

"मॅडम, हे शौकीन लोकांचे कॅमेरे," दुकानदार म्हणाला. "साडीवाल्यांचं काम नाही हे. फुकट डोकं खाल माझं नंतर." मी माझी चांगली लेन्स त्याच्याकडे तारण ठेवली आणि दोन्ही कॅमेरे रविवारपुरते घरी नेले.

रविवारी सकाळी टेबल खिडकीशी ओढलं. बाबांनी वही ठेवली आणि पानावर हात ठेवून बसून राहिले, जणू मी पान फाडून पळणार होते.

आधी काळापांढरा. लॅपटॉपवर फोटो मोठा केला तर सुटलेल्या सुताचा तंतू न् तंतू दिसत होता. बाबांनी चष्मा सारखा केला.

"ह्यो बरो. ह्येका रंगातला कायच कळणा नाय, आणि कळता असा दाखवणाय नाय."

"पण रंगांची वही काळीपांढरी काढून करायचं काय?"

"मगे काढू नको."

दुसऱ्या कॅमेऱ्याने मला छळलं. एक फोटो साठवायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात उजेड बदलायचा. ढग आला की सावलीत घाणेरडे डाग पडायचे. अकरा वाजायच्या आत दोन बॅटऱ्या संपल्या. त्याची फाइल त्याच्याच रडक्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. पण ऊन खिडकीच्या कठड्यावर आलं तेव्हा निळ्या पानाचा एक फोटो असा निघाला की मी खुर्चीत मागे टेकले. एकही पट्टा नव्हता. सूत आणि रंग दोन्ही जसेच्या तसे.

बाबा म्हणाले, "ह्यो माझो निळो न्हय."

"शेजारी कापड ठेवून बघा ना."

ते वहीवर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग मान वर केली ती माझ्यावर ओरडण्यासाठीच.

"वही उन्हात कोणी ठेवलेली? रंग उडालो सगळो. तुझ्याच हातात दिलेली मी."

"अर्धा तास झाला फक्त. आणि तुमच्याच हाताखाली होती."

"माका शिकव नको. हो निळो मी केलेलो. माका ठाऊक तो कसो होतो."

मला कापड समोर दिसत होतं. गडद, भरलेला निळा, कुठेही उडालेला नाही. तेव्हाच कळलं मला काय झालं होतं ते. गेले काही महिने ते नवी पांढरी चादर पिवळी म्हणून बाजूला टाकत होते, त्याचाही अर्थ लागला. हे मी हळू सांगू शकले असते. मी सांगितलं ते असं: "रंगाला काही झालेलं नाही, बाबा. तुमचे डोळे गेलेत. मोतीबिंदू आहे, त्याने सगळं पिवळट दिसतं. तुम्हाला निळा दिसतच नाही आता."

त्यांनी वही उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. जेवायला आले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी मला आत कुठेतरी बरंच वाटलं. उभ्या जन्मात त्यांचं एक तरी चुकलं होतं आणि ते मी पकडलं होतं.

सोमवारी काळापांढरा कॅमेरा परत केला आणि तीन थरांचा पैसे देऊन ठेवून घेतला. बाबांना झोंबावं म्हणूनच, हे मला तेव्हाही माहीत होतं. कामावर त्याचा काही उपयोग झाला नाही. इतक्या संथ कॅमेऱ्यावर दिवसाला चाळीस साड्या होत नाहीत.

जवळजवळ महिनाभर अबोला होता. मग एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक कागद टाकला. ते एकटेच स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते.

"सही लागता घरच्या माणसाची," ते म्हणाले. "म्हणान सांगतंय."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी सोबत गेले, थेंब घातले, आणि आम्ही दोघांनी त्या रविवारचा विषय काढला नाही. आठवड्याभराने मी कामावरून लवकर आले तर ते खिडकीशी वही उघडून बसले होते. एका हाताने डावा डोळा झाकत, मग उजवा, मग पुन्हा डावा. पान निळंच होतं. मी दारात उभी आहे हे त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

मी वाट पाहिली. चुकलो, एवढा एक शब्द पुरला असता मला.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घे," ते म्हणाले. "आणि ते फोटो दाखव."

मी लॅपटॉप पुढे ठेवला. निळ्याचा फोटो त्यांनी एकदा पाहिला आणि पुढचं पान काढायला लावलं. पोपटी रंगाच्या पानावर बोट आपटलं.

"ह्यो चुकलो. ह्यात पिवळो कमी."

मी कापड आणि पडदा शेजारी शेजारी धरले. त्यांचं बरोबर होतं. हा कॅमेरा हिरव्यात मार खातो, हे मी वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरले होते.

आता दर रविवारी आम्ही चार-पाच पानं करतो. मी फोटो काढते, ते रंग सांगतात, मी दुरुस्त करते. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं, आणि ते मला सहन होत नाही. मागच्या रविवारी किरमिजी रंगावरून इतकं वाजलं की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी त्यांना आत बोलावलं, पडद्यावर माझा आणि त्यांचा असे दोन्ही रंग दाखवले आणि विचारलं, कोणाचो बरोबर. काकू म्हणाल्या, मला तर दोन्ही सारखेच दिसतात. त्यावर आम्ही दोघंही एकदमच त्यांच्यावर चिडलो.