तिसऱ्यांदा विचारलं तर

आमच्या ताईआत्याला साधं पाणी द्यायचं म्हटलं तरी तीनदा विचारावं लागे. मे महिन्यातल्या भर दुपारी ती चालत आलेली असे, पदराने वारा घेत खुर्चीत टेकलेली असे, आणि तरी "पाणी आणू का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको रे, अभी तर प्यायले मी." दुसऱ्यांदा विचारलं की, "कशाला तकलीफ घेतोस?" आणि तिसऱ्यांदा विचारलं की अख्खा तांब्या एका दमात रिकामा. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. नवीन सून आली की तिला देवघर कुठे आणि गॅसचं बटण कुठे हे सांगताना हेही सांगितलं जायचं.

ताईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला आणि इंदूरला अन्नपूर्णेच्या देवळामागे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. या तीनदाच्या प्रकरणामागे तिचा चक्क सिद्धांत होता. "पहिला 'नको' संस्कारांचा असतो," ती सांगायची, "दुसरा लाजेचा. तिसरा सच्चा." पाहुण्याला ती स्वतः बरोबर तीनदाच विचारायची. तिसऱ्यांदाही 'नको' आलं की कचोरीची बशी उचलून आत. चौथ्यांदा विचारणं म्हणजे तिच्या मते छळ. लग्नाच्या पंगतीत तिला मुद्दाम वाढायला उभं करत, कारण तिच्या हातून कोणी उपाशी उठत नसे आणि कोणाच्या पानात जिलबी वायाही जात नसे.

या सिद्धांतापायी तिचं नुकसानही झालं. शाळेची मुख्याध्यापिका व्हा, असं संस्थेच्या सेक्रेटरींनी तिला विचारलं तेव्हा ती अर्थातच नको म्हणाली. त्यांनी दोन दिवसांनी फोन करून पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसरा फोन आलाच नाही. पद दुसऱ्या बाईंना मिळालं आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं. आत्या ही गोष्ट हसत हसत सांगायची. "गलती त्यांची नाही रे. दोनदा विचारलं बिचाऱ्यांनी. मी तर नवी साडीसुद्धा आणून ठेवली होती." ती साडी तिने पुढे माझ्या मुलीच्या बारशाला नेसली.

आता माझं सांगतो. तिचे गुडघे दुखायला लागले, एकदा ती जिन्यात पडली, तेव्हापासून दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो की मी म्हणायचो, "आत्या, आता आमच्याकडेच राहायला ये." ती म्हणायची, "नको रे, इथे मला सवय आहे." मी निघताना चपला घालता घालता पुन्हा म्हणायचो, "ये ना खरंच." ती म्हणायची, "तुमचं तुमचं चाललेलं असतं, मी कुठे मध्ये?" आणि मी जिना उतरायचो. अशा नऊ दिवाळ्या. तिसऱ्यांदा मी कधीच विचारलं नाही. विसरायचो असं नाही. आमच्या खालच्या खोलीत बायकोची व्यायामाची सायकल होती, माझ्या बँकेतल्या जुन्या फायली होत्या, आणि सायकलीवर कपडे वाळत असायचे. अडचण एवढीच होती, आणि तेवढी मला पुरली.

मग क्रूझचं निघालं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने, मुक्ताने, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या एका आलिशान बोटीची तीन तिकिटं काढली. जेवणखाण, नाचगाणी, खोली, सगळं त्यातच. तिसरं तिकीट आत्याआजीचं. "बाबा, तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय तिथून उठायचं नाही," तिने फोनवर बजावलं. पोरीला माझी चांगली पारख होती. मी गेलो, तीनदा विचारलं. आत्याने तिसऱ्या वेळी चष्मा पुसला आणि म्हणाली, "बरं, येते. पण मला एक सांग, इतक्या लोकांना प्यायचं पाणी तिथे कुठून आणतात?"

बोटीवर चढल्यावर गळ्यात अडकवायला एकेक कार्ड मिळालं. त्यानेच खोली उघडायची, तेच दाखवून जेवायचं. आत्याने ते उलटसुलट करून पाहिलं. लिफ्टमध्ये, गच्चीवर, जिथे कोणी गणवेशातलं दिसेल तिथे तिचे प्रश्न सुरू. सांडपाणी कुठे जातं? पोळ्या कोण लाटतं? एका बाईने तिला सांगितलं की समुद्राचंच पाणी बोटीवर गोडं करतात. त्यावर आत्या बराच वेळ विचार करत राहिली. "आपल्याकडे नर्मदेला डोंगर चढवून इंदूरला आणतात," ती मला म्हणाली, "त्याच्यापेक्षा हे सोपं की अवघड रे?" मला माहीत नव्हतं. मला भूक लागली होती.

जेवणाचा हॉल म्हणजे लग्नाचं कार्यालयच, फक्त खिडकीबाहेर समुद्र. आमच्या टेबलाला मारियो नावाचा गोव्याचा वेटर होता, पन्नाशीचा, केस पांढरे, चाल लगबगीची. तो सूप घेऊन आला. "माँजी, सूप?" आत्या म्हणाली, "नहीं नहीं, रहने दो." तो मान लववून गेला. पनीर आलं, नहीं नहीं. पुलाव आला, बस बस. मी आणि वैशाली, म्हणजे माझी बायको, ताटावर असे तुटून पडलो होतो की आमचं लक्षच नव्हतं. शेवटी आईस्क्रीम खाताना मी वर पाहिलं तर आत्या मांडीवर हात ठेवून बसलेली. पुढ्यात कोरी ताटली आणि बाजूला एक पाव.

"आत्या, तू जेवली नाहीस?"

"विचारलं ना त्याने. एकेकदा विचारलं."

"मग घ्यायचं ना!"

"बघत होते, परत येतो का," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट अवघड गणित दिसल्यासारखे डोळे चमकत होते. "इथे तर सगळं आहे रे भिया. फक्त आग्रह नाही."

जिथे दिवसभर खायला मिळतं अशा बोटीवर आमची आत्या उपाशी राहिली. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

दुपारी ती डेकवर खुर्ची टाकून बसली आणि पिशवीतून इंदूरच्या शेवेचं सीलबंद पाकीट काढलं. शेजारी चेन्नईचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. तिने त्यांच्यापुढे शेव धरली. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. तिने पुन्हा धरली. ते गोंधळले. तिसऱ्यांदा धरली तेव्हा भिडेखातर त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली. लवंगी शेव होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अर्ध्या तासाने तेच उठून आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "थोडा और." आत्या इतकी खूश झाली की पाकीटच त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत ती आम्हाला सांगत होती, "मागितली रे त्याने! सीधी मागितली! मला किती बरं वाटलं. आपण मागत नाही तर समोरच्याला हे बरं वाटणं कधी मिळतच नाही, नाही का?"

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने मारियोलाच गाठलं. "भाईसाहब, आप एक ही बार क्यों पूछते हो?"

मारियो हसला. "माँजी, आपने ना बोला तो मैंने ना मान लिया. दोबारा पूछो तो लोग गुस्सा होते हैं. बोलते हैं, सुना नहीं क्या?"

आत्या मला हळूच म्हणाली, "म्हणजे हा माणूस माझ्या पहिल्याच बोलण्यावर भरोसा ठेवतो. असा भरोसा माझ्यावर आजवर कोणी ठेवला नव्हता." मारियोने विचारलं, "पपीता?" आत्याने डोळे मिटले, पहिल्यांदा पोहायला उतरणारी माणसं मिटतात तसे, आणि म्हणाली, "हाँ. दीजिए."

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्या फटक्यात दिलेला तो पहिला होकार. मग काय, गाडी थांबेना. हॉट चॉकलेट? हाँ. वॉफल? ते काय असतं, पण हाँ. डेकवर नाच शिकवत होते तिथे हाँ, टोपी घालून फोटोला हाँ. मुळात ती प्रयोग करत होती. पहिल्याच वेळी हो म्हटलं तर नेमकं काय होतं, हे तिला पाहायचं होतं. "काही होत नाही रे," तिने जेवताना निकाल सांगितला. "कोणी हावरट म्हणत नाही. वस्तू मिळते, बस."

शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही तिघं डेकवर बसलो होतो. सहल संपत आली की माणूस जरा हळवा होतो आणि सवयीचं बोलतो. मीही बोललो. "आत्या, परत गेल्यावर आता आमच्याकडेच राहायला ये."

"येते," आत्या म्हणाली. "केव्हा येऊ?"

वैशालीचा कप ओठांपाशी थांबला. मी नऊ वर्षं दोन 'नको' ऐकायच्या हिशोबाने हे वाक्य म्हणत आलो होतो, होकाराची तयारीच नव्हती. "म्हणजे ये ना," मी म्हणालो, "पण ती खालची खोली जरा... बघू आपण..."

आत्याने बशी खाली ठेवली. "तू तिसऱ्यांदा कधी विचारत नव्हतास," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "मला कळायचं रे. गणिताची बाई मी, तीनपर्यंत तर मोजता येतं." माझी मान वर होईना. "जाऊ दे. आता मी विचारते. तीनदा विचारीन. येऊ?"

"ये की, विचारायचं काय त्यात!"

"हा संस्कारांचा. येऊ?"

"हो," मी बुटांकडे बघत म्हणालो.

"हा लाजेचा." मी बुटांवरून नजर उचलली. तिचे हात मांडीवर होते, कोऱ्या ताटलीपुढे होते तसेच. "येऊ का रे मी?"

"सायकल वर न्यावी लागेल," मी म्हणालो. "फायली रद्दीत देतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला पाहिजे. पंधरा दिवस दे मला."

"आणि सकाळी मी लवकर उठत नाही हं, आत्या," वैशाली म्हणाली. "पहिला चहा तुम्ही करायचा."

आत्याने आम्हा दोघांकडे पाहिलं. "हा सच्चा," ती म्हणाली आणि उरलेलं बिस्किट चहात बुडवलं.

सोळाव्या दिवशी ती आली. गळ्यातलं बोटीचं कार्ड तिने खालच्या खोलीच्या दाराला अडकवलं. सकाळचा चहा तीच करायची, मला चहाला हाक एकदाच मारायची, आणि मी काही विचारलं की पहिल्याच वेळी हो किंवा नाही सांगायची. वर्ष आणि चार महिने ती आमच्यात होती. घर इतकं भरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गेल्या श्रावणात ती गेली. कार्ड अजून दारालाच आहे.

मला तिच्या नऊ दिवाळ्या आठवतात. दर वेळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मी वळून पाहायचो, तेव्हा ती दारात उभी असायची, दार न लावता. मी हात हलवायचो आणि निघायचो. तिसऱ्यांदा विचारायला एक वाक्य पुरलं असतं. शेवटी विचारलं, तेही तिनेच.